सगळं मुसळ केरात! कल्पना झकास, कलाकार तगडे आणि चित्रपट फुसका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपटांवर लिहिणाऱ्याला वाचक शिफारशी कमी मागतात, कैफियती जास्त मांडतात. “एवढी भारी गोष्ट, एवढे मोठे नट, मग माशी शिंकली कुठे?” हा त्यातला नेहमीचा सूर. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही चित्रपटांचं कथानक उघड केलं आहे, तेव्हा पाहायचे राहिले असतील तर जपून.

१. वाईट चित्रपट आणि वाया गेलेला चित्रपट यात फरक काय?

वाईट चित्रपटाकडून मुळातच काही अपेक्षा नसते. दोन तास गेले, विषय संपला. वाया गेलेल्या चित्रपटात मात्र दोन अवघड गोष्टी आधीच जमलेल्या असतात: एका वाक्यात सांगितली तरी कान टवकारावेत अशी कल्पना आणि ती पेलतील असे नट. तरी बाहेर पडताना पार्किंगपर्यंत आपण दुसराच चित्रपट रचत असतो, जो व्हायला हवा होता. त्या रचण्यात राग कमी आणि हळहळ जास्त असेल, तर चित्रपट वाया गेलेला समजावा.

हे का होतं याला ठरावीक उत्तर नाही. पण बहुतेक वेळा असा चित्रपट स्वतःच्याच कल्पनेला घाबरतो आणि ती अंगावर येऊ लागली की पळवाट शोधतो. खालची बरीच उत्तरं याच मुद्द्यापाशी येतील.

२. कल्पना खरंच चांगली आहे की नुसती चटकदार, हे कसं ओळखायचं?

चांगली कल्पना पात्रांना शेवटपर्यंत स्वस्थ बसू देत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ घ्या. पुण्यातला एक पियानोवादक आंधळेपणाचं सोंग करतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत खुनाची विल्हेवाट लावली जाते. पाहिलं असं दाखवता येत नाही आणि न पाहिल्यासारखं वागणंही जमत नाही. पुढचा प्रत्येक प्रसंग या एका पेचातून निघतो.

चटकदार कल्पनेची मजा पोस्टरपुरती असते. पहिल्या वीस मिनिटांत ती सांगून होते आणि उरलेला चित्रपट तिच्यावाचूनही तसाच चालला असता असं वाटतं. ही परीक्षा घरी करता येते: मधला कुठलाही प्रसंग उचला आणि मूळ कल्पना काढून टाकली तर तो बदलतो का ते पाहा.

३. एवढे अनुभवी नट असतात. संहिता वाचून त्यांना कळत नाही का?

पहिली गोष्ट म्हणजे वाचायला पूर्ण संहिता दर वेळी हातात असतेच असं नाही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ काम तोंडी ‘नॅरेशन’वर चालतं. दिग्दर्शक दोन-तीन तास गोष्ट सांगतो, मध्ये पार्श्वसंगीतही तोंडाने वाजवतो, आणि चांगला सांगणारा असेल तर समोरच्याला नसलेला चित्रपटही दिसतो. शिवाय नट प्रामुख्याने स्वतःची भूमिका ऐकतो. मग तारखा ठरतात, सेट उभे राहतात आणि उत्तरार्ध ‘नंतर बघू’ म्हणत राहून जातो. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत होतं, डबिंगला आपल्यापुरतेच प्रसंग समोर येतात, आणि अख्खा चित्रपट पहिल्यांदा दिसतो तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

म्हणूनच जाणकारी हा विमा नाही. संहिता पारखून घेणारा नट अशी आमिर खानची ख्याती. त्यानेच ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ पडल्यावर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, जबाबदारी स्वतःवर घेऊन प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली. (त्या चित्रपटाबद्दल प्रश्न ६ पाहा.)

४. ‘बकेट लिस्ट’ आमच्या घरी सगळ्यांना आवडला. तुम्ही त्याला या यादीत का घालता?

यावर सर्वांत जास्त पत्रं येतात, आणि त्यातली निम्मी रागावलेली. माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट, मे २०१८, दिग्दर्शक तेजस देऊस्कर. आवडला तर आवडला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो बघवतोच. माझी तक्रार वेगळी आहे.

कल्पना पाहा. पुण्यातली मधुरा साने ही घरसंसारात बुडालेली गृहिणी. तिच्यावर हृदयप्रत्यारोपण होतं. ते हृदय सई नावाच्या तरुण मुलीचं. सईने एकविसाव्या वाढदिवसाआधी करायच्या गोष्टींची यादी केलेली होती आणि मधुरा ती पूर्ण करायला घेते. मराठी पडद्यावर इतकी तयार कल्पना क्वचित मिळते. त्यावर नटसंच असा: सुमीत राघवन, वंदना गुप्ते, शुभा खोटे, दिलीप प्रभावळकर आणि सईच्या आईच्या भूमिकेत रेणुका शहाणे. ‘हम आपके हैं कौन’मधल्या दोन बहिणी चोवीस वर्षांनी समोरासमोर, आणि आता एकीच्या छातीत दुसरीच्या लेकीचं हृदय.

इथे लेखकाने फक्त थांबायला हवं होतं. आपल्याकडे अवयवदात्याची ओळख सहसा रुग्णाला सांगितली जात नाही. त्यामुळे त्या घरापर्यंत पोहोचणं, बेल वाजवणं, दार उघडणाऱ्या बाईला ‘मी कोण’ हे सांगणं यातच अर्ध्या चित्रपटाचं नाट्य आहे. आपण जगलो कारण कोणाची तरी पोर गेली, हा विचार घेऊन बाई रोज पोळ्या कशा लाटेल? आणि त्या आईला मधुराकडे बघताना नक्की काय हवंसं वाटेल: मिठी, की हिने पुन्हा कधी येऊ नये?

चित्रपट हे प्रश्न शिवतो आणि पटकन हात काढून घेतो. मग बाईक शिकणं, पबमधला दंगा, रणबीर कपूरचं रणबीर कपूर म्हणून येऊन जाणं. यादीतल्या एकेका गोष्टीवर बरोबरची खूण होत जाते. मधुरा सुटी होते, मोकळी होते, छान दिसते. पण ही मोकळीक मिळायला तिला दुसऱ्याचं हृदय कशाला हवं होतं? एखाद्या मैत्रिणीने टोकलं असतं तरी पुरलं असतं. प्रश्न २ मधली परीक्षा लावा, कल्पना काढून टाका, निम्मे प्रसंग जसेच्या तसे उरतात.

५. मध्यंतरापर्यंत मस्त चाललेला चित्रपट नंतर एकदम का घसरतो?

कारण पूर्वार्धात प्रश्न मांडायचे असतात आणि उत्तरार्धात त्यांची किंमत चुकवायची असते. पहिलं काम कल्पनेच्या जोरावर होतं, दुसऱ्याला पटकथा लागते.

याचं ठळक उदाहरण आनंद एल. राय यांचा ‘झिरो’, डिसेंबर २०१८. मेरठचा बुटका, तोंडाळ, बापाच्या पैशावर मस्ती करणारा बउआ सिंग आणि सेरेब्रल पाल्सी असलेली, व्हीलचेअरवरून वावरणारी शास्त्रज्ञ आफिया. हिमांशू शर्माने हा बउआ प्रेमळ-बिमळ न करता चक्क स्वार्थी लिहिला आहे, आणि शाहरुख खान तो मजेत करतो. आफिया त्याच्याकडे बघते ती उंचीने त्याच्या बरोबरीची म्हणून. कारण ती बसलेली असते. ही साधी दृश्यरचनाच अर्धं काम करते. बापाच्या भूमिकेतल्या तिग्मांशू धुलियाबरोबरची त्याची जुगलबंदी तर मिटक्या मारत पाहावी अशी.

मग बउआ भर लग्नातून पळतो. हा खरा पेच. शारीरिक न्यूनतेवर प्रेमाने पांघरूण घालता येतं, पण भित्रेपणाचं काय? त्याचं उत्तर मेरठमध्येच शोधायला हवं होतं. चित्रपट ते मंगळमोहिमेत शोधतो. अमेरिका, चिंपांझी, अवकाशयान. बोटांवर आकडे मोजत आकाशातले तारे पाडणारा नायक सुरुवातीपासून आहे, तेव्हा दिग्दर्शकाला परीकथा करायची होती असं म्हणता येईल. ठीक. पण परीकथेतही राजपुत्राला केलेलं निस्तरावं लागतं, गावातून निघून जाऊन भागत नाही.

६. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ला पहिल्या दिवशी एवढी गर्दी होती. मग चार दिवसांत काय झालं?

८ नोव्हेंबर २०१८, दिवाळी, अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदा एकत्र. पहिल्या दिवसाचा गल्ला ५० कोटींच्या वर. पहिल्या दिवसाची तिकिटं नावांवर खपतात. दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांची मतं कामाला लागतात.

मला त्यात जास्त खुपतं ते विषयाचं. ठगांचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. वाटसरूंच्या तांड्यात यात्रेकरू किंवा व्यापारी म्हणून मिसळायचं, दिवसेंदिवस बरोबर जेवायचं-झोपायचं, विश्वास बसला की रुमालाने गळा आवळायचा आणि प्रेतं पुरून पुढच्या वाटेला लागायचं. १८३० च्या दशकात कंपनी सरकारच्या विल्यम स्लीमनने जबलपूरला बसून माफीचे साक्षीदार फोडले आणि टोळ्या मोडल्या. या नोंदी कितपत खऱ्या आणि कितपत इंग्रजांनी फुगवलेल्या, यावर इतिहासकार अजून भांडतात. म्हणजे विश्वासघात, कबुलीजबाब आणि सत्तेने रचलेली गोष्ट, तिन्ही आयतं हातात.

चित्रपटाने ठगांना उचलून समुद्रावर जहाजात बसवलं आणि हॉलीवूडच्या चाचेपटांची नक्कल केली. नाव तेवढं ठगांचं राहिलं.

७. म्हणजे पैसा जास्त ओतला की चित्रपट बिघडतो, असंच ना?

नाही. पण पैसा दिसायला हवा असा दबाव येतो, आणि तो नेहमी चेहऱ्यांपेक्षा भिंतींवर दिसतो. ‘कलंक’ (एप्रिल २०१९, दिग्दर्शक अभिषेक वर्मन) आठवा. फाळणीच्या आधीचं, लाहोरजवळचं काल्पनिक हुस्नाबाद. मरणाच्या दारात असलेली एक बायको नवऱ्यासाठी दुसरी बायको स्वतः निवडून घरात आणते. सोनाक्षी सिन्हा, आलिया भट, आदित्य रॉय कपूर. फक्त या तिघांना एका जेवणाच्या टेबलाशी बसवलं असतं तरी तासभर श्वास रोखून पाहिलं असतं. शिवाय संजय दत्त आणि माधुरी १९९७ च्या ‘महानता’नंतर प्रथमच एकत्र.

पण घराबाहेर एवढा मोठा सेट उभा आहे म्हटल्यावर कॅमेरा घरात किती वेळ थांबणार? पाण्यातल्या नावा, झुंबरं, संगणकावर काढलेल्या बैलाशी वरुण धवनची झुंज. सोनाक्षीचं पात्र, ज्याच्यापासून सगळं सुरू होतं, कोपऱ्यात झिजून जातं.

उलट बाजूचं उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे.

८. जास्त स्टार घेणं हीच चूक असते का?

हो, बऱ्याचदा. प्रत्येकाला ‘एंट्री’ द्यायची, प्रत्येकाला एक टाळीचा प्रसंग द्यायचा, यातच वेळ जातो. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. डेव्हिड ओ. रसेल यांचा ‘ॲमस्टरडॅम’ (ऑक्टोबर २०२२) पाहा. ख्रिश्चन बेल, मार्गो रॉबी, जॉन डेव्हिड वॉशिंग्टन, रॉबर्ट डी नीरो, रामी मालेक, ॲना टेलर-जॉय, ख्रिस रॉक, अगदी टेलर स्विफ्टसुद्धा. विषय १९३३ चा: अमेरिकेतल्या काही धनाढ्यांनी माजी सैनिकांना हाताशी धरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सत्ता उलथवण्याचा कट केल्याचा आरोप. निवृत्त जनरल स्मेडली बटलर यांनी १९३४ मध्ये संसदेच्या समितीसमोर तशी साक्ष दिली होती.

असा विषय, आणि पहिला दीड तास विक्षिप्त माणसं येतात, काहीतरी विक्षिप्त बोलतात आणि जातात. शेवटच्या श्रेयनामावलीत, बटलर यांच्यावर बेतलेली भूमिका करणाऱ्या डी नीरोच्या भाषणाशेजारी खऱ्या बटलर यांची जुनी फीत दाखवली आहे. त्या करड्या फितीतला तो साधा, चिडलेला माणूस आधीच्या सगळ्या तारांगणावर मात करतो.

९. ट्रेलरवरून आधीच ओळखता येतं का? तिकीट वाचेल.

थोडंफार. ट्रेलरमध्ये एकामागून एक नुसते चेहरे येत असतील आणि ‘पुढे काय होणार’ असा एकही प्रश्न पडत नसेल तर सावध व्हा. गोष्ट सांगायचं टाळून ‘भव्य’, ‘महागाथा’ असले शब्द आदळत असतील तरीही. प्रदर्शनाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे जाणं हे लक्षण मात्र फसवं. कधी त्यात गडबड असते, कधी नुसती चिकाटी (प्रश्न १०).

१०. हिट झालेला चित्रपट वाया गेलेला कसा असेल? आणि पडलेला चांगला?

गल्ला हा वेगळा हिशेब. लोकेश कनगराज यांच्या ‘कूली’ने (ऑगस्ट २०२५) जगभरात ५०० कोटींपेक्षा जास्त कमावल्याच्या बातम्या होत्या. रजनीकांत, नागार्जुन, सौबिन शाहीर, उपेंद्र, सत्यराज, वर आमिर खान पाहुणा. कथेच्या मुळाशी एक भयंकर वस्तू आहे: मृतदेहाची क्षणात राख करणारी खुर्ची. एका भल्या माणसाने बनवलेलं यंत्र खुनी लोकांच्या हाती पडतं. त्या संशोधकाचं पापपुण्य हा केवढा मोठा चित्रपट! पण तो लवकर मरतो, आणि खुर्ची गुदामातलं सामान होऊन राहते. शिट्ट्या मात्र भरपूर. रजनीकांतसाठी गेलेल्यांचे पैसे वसूल झाले, हे मान्य.

उलट ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा चित्रपट वर्षानुवर्षं रखडला, ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि हाव, एवढंच भांडवल. मोठा स्टार एकही नाही. पण लोभाची कल्पना तो शेवटच्या चौकटीपर्यंत सोडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई. ‘अंधाधुन’ आणि ‘तुंबाड’, ‘ठग्स’ आणि ‘झिरो’ हे चारही चित्रपट २०१८ च्या एकाच तिमाहीतले. चित्रपट शिकवणाऱ्यांनी चौघांना शेजारी-शेजारी लावून दाखवायला हरकत नाही.

११. दिग्दर्शकाने आधी चांगलं काम केलं असेल तरी फसतो?

फसतो. ओम राऊत यांच्या ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’वर मराठी माणसाचं प्रेम. ‘तान्हाजी’त त्यांना एक गड, एक रात्र आणि दोन माणसं एवढी चौकट होती, त्यामुळे अतिशयोक्तीही शोभली. ‘आदिपुरुष’ला (जून २०२३) तशी चौकटच नाही. रामायणाची गोष्ट आबालवृद्धांना पाठ, मग नवं काय ते पात्रांच्या मनात शोधायचं. ते सोडून नवेपणा रावणाच्या केशरचनेत आणि हनुमानाच्या तोंडी घातलेल्या टपोरी भाषेत शोधला. देवदत्त नागेसारखा नट त्या संवादांखाली दबला. ओरड झाल्यावर काही संवाद प्रदर्शनानंतर बदलले, पण तेवढ्याने काय होणार?

१२. प्रदर्शनानंतर चित्रपट छाटून सुधारतो का?

लांबी सुधारते, चित्रपट नाही. शंकर यांचा ‘इंडियन २’ (जुलै २०२४) तीन तासांचा होता, तक्रारींनंतर सुमारे १२ मिनिटं कापली. १९९६ च्या ‘इंडियन’मधला लाचखोरांचा कर्दनकाळ म्हातारा आजच्या मोबाईलवाल्या पिढीत परतला तर लोक त्याला डोक्यावर घेतील की ट्रोल करतील, हा मस्त प्रश्न होता. तो चित्रपटात आहेही. पण कमल हासन जाड मेकअपखाली आणि गोष्ट तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलेली. ती १२ मिनिटं गेल्याचं कोणाला दुःख झालं नसावं.

१३. ओटीटीवर मध्यंतर नाही, गल्ल्याचा ताण नाही. तिथे तरी असं व्हायला नको ना?

नको, पण होतं. ‘मर्डर मुबारक’ (मार्च २०२४) अनुजा चौहान यांच्या कादंबरीवर बेतलेला. दिल्लीच्या श्रीमंती क्लबात खून आणि तपासाला पंकज त्रिपाठी. संशयितांत डिंपल कपाडिया, करिश्मा कपूर, विजय वर्मा, सारा अली खान. मजा सभासद आणि नोकरवर्ग यांच्यातल्या भिंतीत होती. चित्रपटाने सभासदांच्या विचित्र सवयींचं प्रदर्शन मांडलं आणि भिंत तशीच ठेवली. इथे नटसंख्येची अडचणही आहेच, ती प्रश्न ८ मध्ये वाचा.

१४. मराठीत स्टारच कमी, मग हा प्रश्न आपल्याला लागू होतो का?

होतो, फक्त प्रमाण वेगळं. आपल्याकडे ‘तगडी फौज’ म्हणजे रंगभूमीवर मुरलेली माणसं. ‘पंचक’ (जानेवारी २०२४) हा काठावरचा मामला आहे. धनिष्ठाच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या नक्षत्रांत कोणी गेलं तर पाठोपाठ आणखी पाच जातात, ही समजूत. कोकणातल्या एका घरात तसा मृत्यू होतो आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे ‘आता तुझा नंबर का?’ अशा नजरेने बघू लागतो. दिलीप प्रभावळकर, भारती आचरेकर, सतीश आळेकर, आनंद इंगळे, नंदिता पाटकर, आदिनाथ कोठारे, तेजश्री प्रधान. आळेकरांसारखा मरणावर हसवू शकणारा नाटककार समोर उभा असताना काळा विनोद आणखी काळा करायला हवा होता. चित्रपट अंधश्रद्धेवर समजूत घालण्याकडे वळतो आणि धार बोथट होते. तरी पूर्ण वाया म्हणवत नाही, कारण भीती लपवत एकत्र राहणारी माणसं त्यात ओळखीची वाटतात.

१५. एवढं कळतं तर तुम्हीच एक चित्रपट काढून दाखवा ना.

निर्माता पाठवा.

१६. मग हे चित्रपट बघायचेच नाहीत का?

बघा की, पण तुकड्याने. ‘झिरो’ मेरठ सोडेपर्यंत. ‘बकेट लिस्ट’ शुभा खोटे आणि वंदना गुप्ते पडद्यावर असतील तेव्हा. ‘कलंक’ माधुरी नाचत असताना, आवाज मोठा करून. ‘ॲमस्टरडॅम’ची श्रेयनामावली. ‘पंचक’ सलग बघायला हरकत नाही. ‘ठग्स’मध्ये असा तुकडा मला सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर कितव्या मिनिटाला ते लिहून पाठवा.